आमच्यासारखंच नाव, तसलीच लाल पुडी – कुणी या भानगडीतनं गेलंय का?

आक्कांची सून (रविवार, रात्री १०:५२)

नमस्कार मंडळी. मी इथं वाचते जास्त, लिहीत नाही. पण आज डोकंच फिरलंय म्हणून बसले लिहायला, मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

आमचा कांदा-लसूण चटणीचा घरचा धंदा आहे. कोल्हापुरात चटणी म्हणजे काय ते सांगायला नको, बाहेरच्यांनी तिखट मसाला समजा. सासूबाईंनी १९९६ ला सुरू केला, मंगळवार पेठेतल्या घराच्या सोप्यात. आधी गल्लीतल्या बायका मिरच्या आणून द्यायच्या आणि सासूबाई निवडून, भाजून, कांडपावरनं कुटून द्यायच्या, मग पोरं पुण्या-मुंबईला लागलेल्यांच्या आया डबे भरून न्यायला लागल्या, आणि असं करत करत २००४ ला पहिली छापील पुडी आली. खरं नाव इथं देत नाही, समजायला 'आक्कांची चटणी' धरा (सासूबाईंना अख्खी गल्ली आक्का म्हणते). लाल पुडी, पिवळी अक्षरं, मधे नऊवारीतली बाई उखळापुढं बसलेली आणि खाली ती ठरलेली ओळ, 'आमची कोठेही शाखा नाही'.

परवा इचलकरंजीच्या एका काकांचा फोन. नऊ वर्षं झाली, दर उन्हाळ्यात पाच किलो नेतात. म्हणाले, वहिनी ह्या खेपेला काय घातलंय हो, रश्श्यावर तवंग न्हाई, नुसता रंग सुटलाय, हात धुतला तर बेसिन लाल. मी दहा मिनिटं माफी मागत बसले. मिरची यंदा ओलसर होती, तसं झालं असंल, बदलून देते, काय काय बोलले. मग म्हटलं कधी नेली होती? तर म्हणे मी कुठं आलो, मेव्हण्यानं शाहूपुरीतनं आणली. आम्ही शाहूपुरीत कुणालाच माल देत नाही! फोटो मागवला. पुडी लाल, अक्षरं पिवळी, नऊवारीतली बाई, आणि नाव (धरा) 'आक्कासाहेब चटणी'. खाली, आमची कोठेही शाखा नाही. अहो शाखा नाही कशी, तुम्हीच आमची शाखा झालाय की!

त्या दुकानात गेले. दुकानदार चांगला माणूस आहे, म्हणाला, ताई मला वाटलं तुमचीच नवी पुडी.

आमच्याकडं शॉप ॲक्ट आहे, फूड लायसन्स आहे, उद्यमचं (छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचं) सर्टिफिकेट आहे. म्हणजे नाव आमचंच झालं ना? ट्रेडमार्क केलेला नाही. कुणी म्हणतं पन्नास हजार लागतात, कुणी म्हणतं मुंबईला खेपा घालाव्या लागतात. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

पेठेतला पैलवान

वहिनी पहिलं म्हंजे रडू नका. दुसरं म्हंजे पत्ता टाका. पाच-सहाजण जाऊन नुसतं चहा पिऊन येतो. काय बोलायचं पण न्हाई, नुसता चहा.

मिसळ एके मिसळ

😂 पैलवानाचा चहा लई महाग पडतो.

बाकी वहिनी, हे आपल्याकडं घरोघरी आहे. एकाच रस्त्यावर 'मूळ', त्याच्या पुढं 'जुने व मूळ', त्याच्या पुढं 'अस्सल जुने', आणि सगळ्यांची कोठेही शाखा नाही. गावाबाहेरनं आलेलं पाहुणं बोर्ड वाचत वाचत उपाशी परत जातंय.

कागदवाला

मी वीस वर्षं हेच काम करतो (ट्रेडमार्कचे अर्ज, नोटिसा, सुनावण्या). फुकटचा सल्ला देतो, पण शेवटी कागद घेऊन एखाद्या माणसासमोर बसा.

आधी गैरसमज काढू. शॉप ॲक्ट, उद्यम, जीएसटी, फूड लायसन्स यातलं काहीच तुम्हाला नावाची मालकी देत नाही. एकाच नावाची दहा शॉप ॲक्ट लायसन्सं निघू शकतात, तिथं कुणी ताडून बघत नाही. इतकंच काय, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी त्या नावाची काढली तरी ट्रेडमार्क मिळाला असं होत नाही. हे वेगळं खातं.

आता दिलासा. ट्रेडमार्क रजिस्टर नाही म्हणजे तुम्ही उघड्यावर पडलाय असंही नाही. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातच लिहिलंय (कलम २७) की रजिस्टर नसलेल्या नावालाही 'पासिंग ऑफ'चा दावा करता येतो. पासिंग ऑफ म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणे, साध्या मराठीत तोतयेगिरी. त्यात तीन गोष्टी दाखवायच्या. तुमच्या नावाला बाजारात पत आहे, समोरच्यामुळं गिऱ्हाईक फसतंय, आणि त्यात तुमचं नुकसान होतंय किंवा होणार आहे. इचलकरंजीचे काका तुम्हाला देवानं धाडलेत. त्यांना म्हणावं पुडी फेकू नका, बिल असेल तर ठेवा, व्हॉट्सॲपवरचं बोलणं डिलीट करू नका. वेळ आली तर ॲफिडेव्हिट देतील का तेही आत्ताच विचारून ठेवा.

आणि कलम ३४. जो आधीपासनं नाव वापरतोय त्याला नंतर रजिस्टर करणारा हलवू शकत नाही. तिरुनेलवेलीला एक हलव्याचं दुकान आहे, इरुट्टुकडै, म्हणजे अंधारं दुकान. त्याच नावाच्या भांडणात सुप्रीम कोर्टानं २०१५ ला स्पष्ट केलं की आधी वापरणाऱ्याचा हक्क रजिस्ट्रेशनपेक्षा वरचढ. तेव्हा प्रश्न एकच आहे, 'आधीपासनं' हे कागदावर दाखवता येतं का? १९९६ चं काय आहे तुमच्याकडं?

खर्चाचं: अर्जाची सरकारी फी ऑनलाइन एका वर्गाला (म्हणजे मालाच्या एका प्रकाराला) ४५०० रुपये, कारण तुम्ही उद्यमवाले छोटे व्यावसायिक आहात. मोठ्या कंपनीला तीच ९०००. चटणी-मसाला वर्ग ३० मध्ये येतो. वकील-एजंटची फी वेगळी, ती ज्याची त्याची. मुंबईला खेपा नाहीत, अर्ज घरनं होतो.

आक्कांची सून

१९९६ चं काय असणार दादा, तेव्हा सासूबाई वहीत लिहायच्या, ती पण उधारीची. 'पाटलीणबाई २ किलो बाकी' असलं. ते चालतं का?

कागदवाला

वही जपून ठेवा. उधारीच्या वहीला कोर्टात कुणी हसत नाही, तारीख असली म्हणजे झालं.

गुजरीची लेक

आमच्या घरातलं सांगते, म्हणजे नावाकडं दुर्लक्ष केलं की काय होतं ते कळेल. आमचं सराफी दुकान, आजोबांनी आडनावानं सुरू केलेलं. वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा वाटणीपत्र झालं, त्यात गाळा, तिजोरी, वजनकाटा, दोन लाकडी पेट्या, भिंतीवरचं घड्याळसुद्धा लिहिलंय. नाव कुणाच्या वाट्याला, ते लिहायचंच राहिलं. आज दोन्ही दुकानांवर तेच आडनाव, आमच्यावर 'आणि सन्स', त्यांच्यावर 'ब्रदर्स'. लग्नसराईत माणसं आमच्याकडं येऊन काकांच्या दुकानची पावती दाखवतात आणि मजुरी का वाढवली म्हणून भांडतात. वडील आणि काका बोलत नाहीत, त्यामुळं मी आणि चुलतभाऊ गुपचूप एकमेकांना फोन करून गिऱ्हाईक परत पाठवतो.

यात कोण चोर? कुणीच नाही. दोघांचंही आडनाव तेच.

कागदवाला

ताई, कायद्यात ती सोय आहे, स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला अडवता येत नाही (कलम ३५). भाऊबंदकीच्या निम्म्या केसेस 'प्रामाणिकपणे' या एका शब्दावर वीस-वीस वर्षं चालतात. वाटणीपत्र करताना नाव, फोन नंबर आणि आता इन्स्टाचं पेज कुणाचं, हे लिहा असं मी ओरडून सांगतो. लोक घड्याळ लिहितात.

रंकाळ्याचा वारा

मी उलटी बाजू मांडतो, राग नसावा. 'आक्का' हा शब्द काय कुणाच्या मालकीचा? प्रत्येक घरात आक्का आहे. 'चटणी' तर नाहीच नाही, 'कोल्हापुरी' पण नाही. मग उद्या कुणी म्हणेल 'आई' माझं, 'माऊली' माझं. कोल्हापुरात अंबाबाई-महालक्ष्मीच्या नावाची दुकानं मोजायला गेलं तर महाद्वार रोड संपायच्या आधी बोटं संपतील. सगळ्यांनी एकमेकांना नोटिसा काढायच्या का?

कागदवाला

मुद्दा बरोबर आहे. २०१५ ला सुप्रीम कोर्टानं अगरबत्तीला 'रामायण' हे नाव एकट्याला द्यायला नकार दिला, धर्मग्रंथाचं नाव कुणाची मक्तेदारी नाही म्हणून. सर्वसाधारण शब्द, गावाचं नाव, मालाचं वर्णन यांना एकट्यानं धरता येत नाही, किंवा फार कष्टानं धरता येतं.

पण इथं नुसता 'आक्का' नाही. लाल पुडी अधिक पिवळी अक्षरं अधिक नऊवारीतली बाई अधिक उखळ अधिक शाखा नाहीची ओळ, हा सगळा मिळून जो चेहरा होतो त्याचा प्रश्न आहे. यावर पारलेची जुनी केस आहे, १९७२, सुप्रीम कोर्ट. पारलेच्या ग्लुको बिस्किटाच्या कागदावर अंगण, पाण्याची बादली घेतलेली मुलगी, गाया, कोंबड्या. म्हैसूरच्या एका कंपनीच्या कागदावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली मुलगी, आणि परत गाया, कोंबड्या. ते म्हणत होते बघा किती फरक आहे. कोर्ट म्हणालं की दोन कागद शेजारी ठेवून फरक मोजायचे नसतात. ज्याला एकाची सवय आहे त्याच्या हातात दुसरा दिला तर तो घेऊन जाईल का, एवढंच बघायचं.

राजारामपुरी ९वी गल्ली

अगदी!! मी लेकाला दुकानात पाठवताना काय सांगते? 'लाल पुडी, बाईचं चित्र.' नाव तर मला पण नीट आठवत नाही, डबा रिकामा झाला की पुडीचा तुकडा कापून देते बरोबर. तो गेल्या महिन्यात कुठली घेऊन आला देव जाणे, आता डबा उघडून बघायला पाहिजे.

निपाणीकर

आमच्याकडं नंदिनीचं दूध येतं, त्याची गोष्ट सांगतो. कर्नाटकच्या दूध संघाचं 'नंदिनी' १९८५ पासनं. बेंगळुरात 'नंदिनी डिलक्स' नावाची हॉटेलं १९८९ पासनं. संघ म्हणाला नाव आमचं. गेलं वर वर करत, आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टात हॉटेलवाले जिंकले! दूध वेगळं, हॉटेल वेगळं, बोर्ड वेगळा दिसतो, आणि नंदिनी हे देवाचं, गाईचं नाव, संघानं शोधून काढलेलं नाही. फक्त दूध आणि दुधाचे पदार्थ त्या नावानं विकायचे नाहीत. मला तर पटलं. हॉटेलात जेवणारा माणूस काय दूध संघाचं ताट समजून जेवत नाही.

वहिनींची मात्र केस वेगळी, चटणीला चटणीच भिडलीय.

पुण्यात अडकलेला

पुण्यात या. कॅम्पात बर्गर किंग आहे, १९९२ च्या आसपासपासनं, इराण्याच्या बेकरीसारखं जुनं वाटतं. अमेरिकेचं बर्गर किंग भारतात दुकान घालायला आलं २०१४ ला. पण दावा त्यांनी २०११ लाच लावला होता. तेरा वर्षांनी, ऑगस्ट २०२४ ला पुण्याच्या कोर्टात आमचा कॅम्पवाला जिंकला. अमेरिकन कंपनी हायकोर्टात गेली आणि डिसेंबरात तिथं नाव वापरायला तात्पुरती मनाई पण झाली, पुढं सुप्रीम कोर्टाची वारी. म्हणजे जिंकला तरी धावतोयच. तेरा वर्षात किती बर्गर खाल्ले असतील वकिलांनी.

पेठेतला पैलवान

म्हणून म्हणतोय चहा.

चप्पल लाईन

आमच्याकडं तर सगळ्या जगाचा गोंधळ. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे माल कुठल्या भागाचा त्याची नोंद) मिळालं, आठ जिल्हे, चार इकडचे चार कर्नाटकातले. लोक विचारतात मग तुमच्या दुकानाचं नाव झालं का रजिस्टर? अहो जीआय गावाचं, माझं नाही. आठ जिल्ह्यातला कुणीही खरा कारागीर कोल्हापुरी म्हणू शकतो. माझ्या दुकानाच्या नावाला ट्रेडमार्क वेगळा लागतो. आणि २०२५ ला इटलीच्या प्राडानं मिलानच्या शोमधे तसलीच चप्पल आणली, त्यांनी तर कोल्हापुरी हे नावच घेतलं नव्हतं, ओरडा झाल्यावर मान्य केलं. म्हणजे बघा, वहिनींचं नाव चोरलं म्हणून त्रास, आमचं नाव घेतलं नाही म्हणून त्रास.

आक्कांची सून (मंगळवार, दुपारी)

सगळ्यांचे आभार. कागदवाले दादांनी मेसेजमधे सांगितलं तसं सरकारी साईटवर सर्च मारला, वर्ग ३० घातला. हात थरथरले. 'आक्कासाहेब'वाल्यांनी अर्ज केलाय!! स्टेटस 'ॲक्सेप्टेड अँड ॲडव्हर्टाइज्ड' दाखवतंय. वापर २०२२ पासनं असं लिहिलंय. म्हणजे संपलं का आमचं?

दोन्ही पुड्यांचे फोटो पण टाकतेय, डावीकडची आमची.

[फोटो] [फोटो]

कागदवाला

संपलं नाही, उलट वेळेत बघितलंत. ॲडव्हर्टाइज्ड म्हणजे ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आलंय (दर सोमवारी निघतं), कुणाला हरकत असेल तर बोला म्हणून. त्या तारखेपासनं ४ महिने हरकत घेता येते. एक दिवस उशीर झाला तर माफी नाही, मुदत वाढवून मिळत नाही. तुमचे किती दिवस उरलेत?

आक्कांची सून

सात आठवडे.

कागदवाला

भरपूर आहेत, पण सात आठवडे आहेत म्हणून सहा आठवडे झोपू नका. हरकतीची ऑनलाइन फी २७०० रुपये. हरकत गेली की त्याची प्रत त्यांना जाते, त्यांना २ महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. माझ्या अनुभवात बरेच जण तिथंच गळतात, कारण चोरी करायला जेवढा उत्साह असतो तेवढा उत्तर लिहायला नसतो.

बरोबरीनं तुमचा स्वतःचा अर्ज टाका. वापराची तारीख जुनी लावणार असाल तर पुराव्यासकट ॲफिडेव्हिट लागतं. अर्ज केल्याकेल्या नावापुढं 'टीएम' लावू शकता. गोलातला आर (म्हणजे नाव रजिस्टर झालंय) मात्र सर्टिफिकेट हातात येईपर्यंत लावायचा नाही, तो खोटा लावला तर दंड बसतो. आपल्या बाजारात निम्म्या पिशव्यांवर तो गोल डिझायनरनं शोभेला टाकलेला असतो.

आणि गप्प बसण्याचा तोटा. अमृतधारा माहीत आहे ना, पोटदुखीचं जुनं औषध? त्यांच्यासमोर 'लक्ष्मणधारा' आलं. १९६२ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं नावं फसण्याइतकी सारखी आहेत, साधं गिऱ्हाईक अर्धवट आठवणीवर माल घेतं. तरी लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरतं रजिस्ट्रेशन राहिलं. का? तर अमृतधारावाल्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं आणि ते बोलले नव्हते. आत्ताच्या कायद्यातही रजिस्टर झालेलं नाव माहीत असून ५ वर्षं चालू दिलं तर नंतर तक्रारीला जागा राहत नाही (कलम ३३), त्यांनी अर्ज वाईट हेतूनं केला हे दाखवता आलं तर गोष्ट वेगळी.

हेडसर (निवृत्त)

फोटो मोठा करून पाहिला. चटणीविषयी मला काही म्हणायचे नाही, पण दोन्ही पुड्यांवर 'घरगूती' असे दीर्घ छापले आहे. शब्द 'घरगुती' असा आहे, ऱ्हस्व. ज्या शहराला शाहू महाराजांनी शाळा आणि वसतिगृहे दिली त्या शहरातल्या पुडीवर ही अवस्था! निदान एकाने तरी बरोबर लिहायचे होते.

मिसळ एके मिसळ

सर इथं घर बुडतंय आणि तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ 😂

कागदवाला

थांबा थांबा थांबा. सर, तुमच्या पायावर डोकं ठेवतो. 'घरगूती' दोन्हीवर आहे?? मी दहा वेळा फोटो बघितला, माझ्या लक्षात आलं नाही.

सूनबाई, ही चूक तुमच्या पुडीवर कधीपासनं आहे?

आक्कांची सून

अगोबाई. पहिल्यापासनं. २००४ ला ज्या प्रेसमधे छापली तिथल्या कंपोझिटरनं तसं टाकलं, सासऱ्यांच्या लक्षात आलं तेव्हा पाच हजार पुड्या छापून झालेल्या. सासरे म्हणाले तिखट काय ऱ्हस्व-दीर्घ बघून लागतंय का, वापरा. मग दर वेळी तीच फिल्म. मी लग्न होऊन आले तेव्हापासनं म्हणतेय बदलूया, बदलूया. आत्ता नवीन पाऊचची ऑर्डर द्यायची होती त्यात मी दुरुस्त करून दिलंय, उद्या छापायला जाणार.

कागदवाला

अजिबात जाऊ देऊ नका!! आत्ता प्रेसला फोन करा.

सगळ्यांसाठी सांगतो. लाल रंग सारखा आला तर समोरचा म्हणतो तिखट लालच असतं. बाई सारखी आली तर म्हणतो चटणी बाईच कुटते. आक्का तर घरोघरी. या सगळ्याला उत्तर असतं. पण 'घरगूती' हा दीर्घ ऊ तुमच्या कंपोझिटरच्या हातनं पडलेला आहे, तो दुसऱ्याच्या पुडीवर आपोआप कसा गेला? पुडी समोर ठेवून काढल्याशिवाय जात नाही. नकाशे आणि डिक्शनऱ्यांच्या भांडणात हाच पुरावा सगळ्यात आधी शोधतात, कुणी कुणाची चूक उचलली. आता तो २००४ चा प्रेसचा कागद मिळवा. बिल, चलन, फिल्मचं पाकीट, काहीही.

रंकाळ्याचा वारा

मी माझे शब्द मागं घेतो. आक्का सगळ्यांची, पण ते 'घरगूती' तुमचंच.

उद्यमनगर फाउंड्री

एक शंका. एवढं असेल तर थेट कोर्टात का नाही? आणि पोलिसात?

कागदवाला

कोर्टात जाता येतं, जिल्हा न्यायालय, म्हणजे आपल्याकडं कसबा बावडा. माल कोल्हापुरात विकला जातोय त्यामुळं दावा इथंच लागतो. व्यापारी दावा असल्यानं तातडीचा मनाई हुकूम मागत नसाल तर आधी मध्यस्थीला जावं लागतं, ते सक्तीचं आहे. पुढं अपिलाची वेळ आली तर आता मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच भाऊसिंगजी रोडला आलंय, १८ ऑगस्ट २०२५ पासनं. पूर्वी रात्रीची मुंबई गाडी धरावी लागायची.

पोलिसात पण कलमं आहेत, ६ महिने ते ३ वर्षं शिक्षा आहे, पण झडती-जप्तीच्या आधी पोलिसांना ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं, शिवाय डीवायएसपी दर्जाचा अधिकारी लागतो. छोट्या केसला मी आधी नोटीस आणि हरकत हेच सुचवतो. फेसबुकवर 'अमुक चोर आहे' म्हणून पुड्यांचे फोटो फिरवू नका, उलटा अब्रूनुकसानीचा दावा येतो आणि मग चटणी राहते बाजूला.

आक्कांची सून (पुढच्या रविवारी)

अपडेट. प्रेस बंद पडलीय, २०११ लाच. पण मालकांचे चिरंजीव सापडले, त्यांनी वडलांची कार्बनची बिलबुकं पोत्यात भरून माळ्यावर टाकली होती. मी आणि नवरा दोन दिवस त्या पोत्यात. लग्नपत्रिका, वास्तुशांत, कुस्तीच्या मैदानाची हँडबिलं, सहकारी पतसंस्थेचे अहवाल, सगळ्या पेठेचा इतिहास निघाला. शनिवारी संध्याकाळी सापडलं. जुलै २००४. 'चटणी पुडी, दोन कलर, ५०००', आणि बिलाला पिन मारून पुडीचाच एक नमुना! रंग विटलाय, पिनेचा गंज लागलाय, पण वाचता येतंय. घरगूती.

सासूबाईंना दाखवलं तर त्या चित्रातल्या बाईकडं बघत बसल्या आणि म्हणाल्या, हिच्या नाकात नथ होती बघ, नंतरच्या छपाईत गेली. मला आठ वर्षात कधी कळलं नव्हतं. लगेच समोरच्यांची पुडी काढून बघितली. त्यांच्या बाईला पण नथ नाही. म्हणजे नंतरचीच पुडी समोर ठेवून काढलीय.

उधारीची वही पण मिळाली. १९९८ ची आहे, ९६ ची नाही. पाटलीणबाईंचे दोन किलो अजून बाकी आहेत.

राजारामपुरी ९वी गल्ली

अंगावर काटा आला वाचून. आणि हो, मी डबा उघडून बघितला. आक्कासाहेब निघाले 😐

कागदवाला

त्या नमुन्याला लॅमिनेशन करू नका, पिन काढू नका, आहे तसं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. आणि अर्जात १९९६ लिहू नका. जेवढं दाखवता येतं तेवढंच लिहा, वही १९९८ ची आहे तर १९९८, आणि पुडीवरचं छापील नाव २००४. दोन वर्षांच्या हौसेपायी सगळं खोटं ठरतं.

आक्कांची सून (तीन आठवड्यांनी)

हरकत दाखल झाली, आमचा अर्ज पण गेला, नोटीस पण गेली. आणि काल त्यांचा फोन आला. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. तर एक बाईच बोलत होत्या, वयानं सासूबाईंएवढ्याच असतील. म्हणाल्या, पुडीचं सगळं भाच्यानं केलं, मला यातलं वाचता पण येत नाही, मी फक्त कुटते. नाव बदलतो, अर्ज मागं घेतो, पण आठशे पुड्या छापून पडल्यात तेवढ्या खपवू दे. मला काय बोलावं सुचलं नाही. सासूबाई शेजारी होत्या, त्यांनी फोन घेतला आणि दोघी अर्धा तास मिरचीच्या भावावर बोलल्या.

पेठेतला पैलवान

आता खरंच चहाची वेळ आली.

गुजरीची लेक

खपवू देऊ नका हं. आठशेच्या आठ हजार होतात. आमच्या काकांचं तात्पुरतं 'ब्रदर्स' होऊन एकोणीस वर्षं झाली.

कागदवाला

जे ठरेल ते स्टॅम्पपेपरवर. अर्ज मागं घेतल्याचं आधी ऑनलाइन दिसू दे, मग सही. पुडीसाठी मुदत, आकडा, आणि त्या आठशेवर नाव झाकणारा स्टिकर. आणि भाच्याची सही पण घ्या, कारण उद्या परत तोच छापणार आहे. त्या बाईंबद्दल वाईट वाटणं साहजिक आहे, पण इचलकरंजीच्या काकांचं बेसिन लाल झालं होतं हे विसरू नका.

आक्कांची सून

तसंच करतोय. आठशेच्या जागी आम्हीच त्यांना पांढऱ्या कोऱ्या पिशव्या द्यायचं ठरलं, सासूबाईंची आयडिया. रंग घालू नकोस एवढं मात्र त्यांनी बजावून सांगितलंय.

आता शेवटचा प्रश्न, प्रेसवाला रोज फोन करतोय, सोमवारी पाऊच छापायचेत. सासूबाई म्हणतात नथ परत घाला. घालू का? आणि 'घरगूती' तसंच ठेवायचं ना?

कागदवाला

नथ घाला, पण या अर्जातलं चित्र आहे तेच राहू द्या, नथवाल्याचा वेगळा अर्ज नंतर बघू. 'घरगूती' निकाल लागेपर्यंत हलवायचं नाही.

हेडसर (निवृत्त)

माझा विरोध नोंदवून घ्यावा. मात्र चटणी चांगली असल्याचे सौभाग्यवतींकडून समजले, सबब दोन किलो पाठवा. शब्द मी घरी पेनाने दुरुस्त करून घेईन.